गोव्यात दमदार रेड वाईन: चव कशी ओळखावी, ताटात काय वाढावं

पणजी-म्हापशाच्या वाईनच्या दुकानांत नवखं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतं: चांगली कुठली, आणि गोड आहे ना? दमदार रेड वाईन गोड नसते. ती तुरट असते, थोडी आंबट असते, घशाला ऊब देते आणि गिळल्यानंतरही तिची चव बराच वेळ तोंडात रेंगाळते. पहिला घोट बऱ्याच जणांना आवडत नाही. यात दोष त्यांच्या जिभेचा नसतो, फारसा वाईनचाही नसतो. गोव्यात ही वाईन बहुतेकदा चुकीच्या तापमानाला आणि चुकीच्या ताटाशेजारी समोर येते. मे महिन्यात कपाटात तापलेली बाटली आणि सोबत बांगड्याचं हुमण, म्हणजे आंबट-तिखट आमटी असेल, तर जगातली कुठलीही रेड वाईन बेचवच लागणार.

बाहेरच्या याद्यांमध्ये दमदार रेडसोबत स्टेक नाहीतर भाजलेलं मेंढीचं मांस खा, असं लिहिलेलं असतं. ज्यांच्या घरी रोज नारळ खवला जातो आणि कोकम-चिंच-तिरफळाशिवाय स्वयंपाक होत नाही, त्यांना या यादीचा काय उपयोग? म्हणून माझं सांगणं असं, की वाईन मांसाशी जुळवत बसू नका, मसाल्याशी जुळवा. कोंबडी तीच असते, पण भाजल्या खोबऱ्याच्या शागुतीत पडली की तिला एक वाईन लागते आणि हिरव्या वाटणाच्या काफ्रेयालमध्ये पडली की दुसरी. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

गोव्यात मद्य घेण्याचं कायदेशीर वय २१ आहे. पुढचं सगळं त्या वयापुढच्यांसाठी.

पहिली पायरी: बाटलीआधी कोरा चहा

बाटली विकत घेण्याआधी घरच्या घरी एक प्रयोग करा. कपभर उकळत्या पाण्यात दोन चमचे चहापूड टाका आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. दूध नको, साखर नको. कोमट झाला की गाळून एक घोट घ्या आणि लगेच न गिळता तोंडभर फिरवा. हिरड्या आणि गालांच्या आतल्या बाजू कोरड्या पडल्यासारख्या वाटतील, जीभ टाळूला घासेल. हे टॅनिनचं काम. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड आवळल्यासारखं होतं. रेड वाईनमध्ये हेच टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि वाईन ज्या ओकच्या पिंपात मुरते त्या लाकडातून येतं.

आता चार-पाच खारे काजू चावून खा आणि त्यावर चहाचा दुसरा घोट घ्या. तोच चहा मऊ लागेल. काजूतल्या तेलाने आणि मिठाने टॅनिनची धार कमी केली. मग गुळाचा एक खडा खाऊन तिसरा घोट घ्या. आता तोच चहा कडू आणि रागीट लागेल. स्निग्ध आणि खारट पदार्थांनी तुरट वाईन सुधारते, गोडाने बिघडते. जोडीचे निम्मे नियम या एका कपात कळतात, आणि ते वाचून कळण्यापेक्षा जिभेवर कळलेले बरे.

वाईन 'दमदार' का म्हणायची, तर टॅनिन भरपूर, अल्कोहोल साधारण १३.५ टक्के किंवा त्याहून जास्त, रंग गडद आणि घोट तोंडात जड. हा जडपणा म्हणजे पाणी आणि सायीचं दूध यांच्यात जिभेला जो फरक जाणवतो तसा.

दुसरी पायरी: दुकानात काय मागायचं

गोव्यात वाईनची द्राक्षं पिकत नाहीत. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बारमाही दमट हवा वेलीला मानवत नाही. त्यामुळे इथल्या फळीवरची भारतीय रेड बहुतेक नाशिकची, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची किंवा बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची असते. नाशिकला पावसाळा सरल्यावर वेल छाटतात आणि द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. युरोपात हीच तोडणी ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. म्हणजे एकाच सालाचं लेबल असलं तरी आपली वाईन तिकडच्या बाटलीपेक्षा सहा-आठ महिन्यांनी थोरली असते.

नवख्याने चार द्राक्षांची नावं लक्षात ठेवावीत. शिराज: काळ्या फळांची चव आणि मिरीचा वास. कॅबर्ने सोव्हिन्यों: चौघांत सगळ्यात तुरट, काळ्या मनुकांसारखी, आणि द्राक्षं पुरती पिकली नसतील तर हिरव्या ढोबळी मिरचीचा वास. हा वास पायरॅझिन नावाच्या संयुगांचा असतो आणि ढोबळी मिरचीतही तीच असतात, त्यामुळे तो आला तर तुमच्या नाकावर शंका घेऊ नका. मालबेक: मूळ फ्रान्सचं, पण नाव काढलं अर्जेंटिनात. फळाची चव भरपूर आणि तुरटपणा मवाळ. टेम्प्रानियो: स्पेनचं. पोर्तुगालात याच द्राक्षाला तिंता रोरिझ म्हणतात आणि दोरू खोऱ्यातल्या रेडमध्ये ते तुरिगा नासियोनालसोबत मिसळलेलं असतं. पोर्तुगालची दोरू आणि आलेंतेजू या भागांतली रेड गोव्यात मिळते. खिशाला परवडली तर एखादी जरूर घ्यावी.

पहिली बाटली शिराजची घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. आपल्या गरम मसाल्याशी तिचं जमतं, आणि ती जमते त्यामागे ठोस कारण आहे, ते पुढे शागुतीशी येईल. सुलाची रासा शिराज किंवा दिंडोरी रिझर्व्ह शिराज ही सहज सापडणारी नावं. कॅबर्ने आणि शिराजचं मिश्रण चाखायचं तर ग्रोव्हरची ला रिझर्व्ह आहे. अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' ही वाईन सांजोवेझे या इटालियन द्राक्षाची आणि कॅबर्नेची असते. ती या सगळ्यांत जास्त आंबटगोड फळाची आणि जेवणासोबत चांगली चालणारी आहे.

पण नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दुकानात बाटली कशी ठेवली होती. गोव्यात याकडे बारीक लक्ष द्यावंच लागतं. काचेच्या दर्शनी फळीवर उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, तिच्यावर कितीही सवलत असो. बुचाची बाटली असेल तर बुच तोंडातून वर आलं आहे का, पन्नीखाली चिकट ओघळ आहे का, हे बोटाने चाचपून पाहा. उष्णतेने वाईन फुगते, बुच वर ढकलते आणि मग आत हवा शिरते. अशा वाईनला ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मोरांब्यासारखा वास येतो. दुकानात एसी चालू असेल आणि माल लवकर खपत असेल तर तिथूनच घ्या. फिरकीच्या झाकणाची बाटली कमी दर्जाची असते, हा समज सोडून द्या. आपल्या हवेत फिरकीचं झाकण फार उपयोगी आहे.

साल बघताना भारतीय दमदार रेड दोन ते चार वर्षांपूर्वीची निवडा. दुकानाच्या फळीवर सात-आठ वर्षं उभी राहिलेली बाटली मुरलेली नसते, दमलेली असते.

तिसरी पायरी: गार करणं, आणि नीट गार करणं

रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी आहे. दमदार रेडला १६ ते १८ अंश सेल्सियस लागतात. आपल्या खोलीत त्याहून बारा-चौदा अंश जास्त असतात. गरम वाईनमधून अल्कोहोल भसकन वर येतं, नाकात झोंबतं, फळाचा वास त्याखाली दबतो आणि घोट ढिला वाटतो. उलट फ्रीजमधून काढल्या काढल्या पाच अंशांवर प्यायलात तर वास मुका होतो आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो.

'पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा' हा सल्लाही सगळीकडे दिसतो. तो २० ते २२ अंशांच्या खोलीसाठी ठीक आहे. आपली बाटली ३०-३१ अंशांवर असेल तर घरच्या फ्रीजमध्ये ती १७-१८ अंशांपर्यंत यायला पावणेदोन-दोन तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घ्या आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या कोरड्या बर्फाच्या खड्यांत ठेवली तर जास्त वेळ लागतो, कारण खड्यांमधल्या फटीत हवा असते आणि पाणी बाटलीला चहूबाजूंनी लागतं. थर्मामीटर नसेल तर बाटलीच्या अंगाला तळहात लावा. गार लागली पाहिजे, पण हात काढून घ्यावासा वाटता कामा नये.

ग्लासात बर्फ टाकू नका. वाईन पातळ होते आणि ज्यासाठी ती विकत घेतली तेच जातं. एका वेळी थोडी ओता, शंभर मिलीच्या आत, आणि बाटली पुन्हा गार पाण्यात ठेवा. गोव्याच्या हवेत ग्लासातली वाईन दहा मिनिटांत तापू लागते, म्हणून मोठा ग्लास भरून ठेवण्यात अर्थ नाही. रेस्टॉरंटात रेड तापलेली आली तर बर्फाची बादली बिनधास्त मागा. ग्लासाने विकत घेत असाल तर बाटली कधी उघडली, तेही विचारा. उत्तर 'काल-परवा' असेल आणि ती बाहेरच ठेवलेली असेल तर दुसरं काही घ्या.

चौथी पायरी: पहिला घोट

दांडीचा, पोट रुंद आणि तोंड थोडं निमुळतं असा ग्लास घ्या. एक तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका. दांडी धरा, पोट धरलं तर हाताच्या उबेने वाईन तापते. ग्लास गोल फिरवून नाक आत घाला. सगळे वास एकदम ओळखायचा अट्टहास नको. फक्त तीन प्रश्न विचारा: फळ काळं आहे की लाल, मसाला आहे का, लाकूड-धूर-व्हॅनिला असं काही आहे का? करवंद, जांभूळ, काळ्या मनुका ही आपली काळी फळं आणि नाशिकच्या शिराजमध्ये ती मला नेहमी सापडतात. परदेशी याद्यांतल्या ब्लॅकबेरीच्या मागे लागू नका. करवंद खाल्लेल्या माणसाला ब्लॅकबेरीची गरज नाही.

मग घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा आणि मोजा. चव दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली तर वाईन चांगली बनलेली आहे. तुरटपणा कुठे लागतो ते पाहा. हिरड्यांवर बारीक, मऊ लागला तर टॅनिन पिकलेलं, घशाशी खरखरीत आणि कडवट लागला तर कच्चं. तरुण, फार तुरट वाईन रुंद भांड्यात ओतून अर्धा तास उघडी ठेवली तर नरमते. तेही गार पाण्यात भांडं ठेवूनच.

पाचवी पायरी: शागुती

गोव्यात दमदार रेडची सर्वांत चांगली जोडी शागुती आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण मसाला भाजतानाच कळतं. लोखंडी तव्यावर खवलेलं ओलं खोबरं मंद आचेवर परतत राहायचं. आधी त्यातलं पाणी उडतं, मग कडा तांबूस होतात, मग सगळं खोबरं चहाच्या रंगाचं होतं आणि तेल सोडतं. वेगळ्याने सुक्या मिरच्या, धणे, मिरी, लवंग, दालचिनी, बडीशेप आणि खसखस भाजायची, शेवटी किसलेलं जायफळ. या सगळ्याचं वाटण होऊन ते रश्शात शिजतं तेव्हा घरात दोन वास पुढे असतात, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मिरीचा.

आता ओकच्या पिंपात मुरलेल्या शिराजचा ग्लास नाकाशी न्या. शिराजला जो मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शिराजमध्ये ओळखलं आणि तेच संयुग काळ्या मिरीतही असल्याचं दाखवलं. साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, तेव्हा तुम्हाला मिरी सापडली नाही तर हिरमुसू नका. ओकच्या लाकडातून वाईनमध्ये लॅक्टोन नावाची संयुगं उतरतात आणि त्यांचा वास खोबऱ्याचा असतो, अमेरिकन ओकमध्ये तो विशेष. नारळाचा स्वतःचा वासही लॅक्टोनांचाच. म्हणजे ताटातल्या रश्शात आणि ग्लासातल्या वाईनमध्ये तेच दोन वास समोरासमोर येतात. नारळाचं तेल टॅनिनला मऊ करतं ते वेगळंच. पहिल्या पायरीत काजूने जे चहाचं केलं, तेच.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. चिंचेचा कोळ नेहमीपेक्षा निम्मा घाला. रस्सा वाईनपेक्षा आंबट झाला की वाईन एकदम पाणचट लागते. आणि तिखट बेताचं ठेवा. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना चेतवतं त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं, त्यामुळे १४ टक्क्यांची वाईन तिखट रश्शावर प्यायली की जाळ वाढतो. तिखट हवंच असेल तर सुक्या मिरच्यांतल्या बिया काढून टाका. रंग आणि वास राहतो, जाळ कमी होतो. सोबत भातापेक्षा पोय, म्हणजे कोंड्याचा गोव्याचा पाव, बरी. तिच्या कोंड्याला स्वतःची सौम्य चव आहे आणि रस्सा टिपून घेतल्यावर घोटाला जागा राहते.

मटणाचीही शागुती होते आणि तिला कॅबर्ने झेपते, कारण मटणाची चरबी जास्त. गावठी कोंबडीला शिराज. ब्रॉयलरचं मांस फिकं असतं, तिथे मालबेकसारखी मवाळ वाईन पुरे.

सहावी पायरी: व्हिनेगरचे पदार्थ

शेजारच्या ख्रिस्ती घरांत फेस्ताला किंवा नाताळला ताट समोर येतं त्यात माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरचा हात सढळ असतो. इथे वाईन निवडताना विचार करावा लागतो.

चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या लालभडक माळा टांगलेल्या दिसतात. डुकराचं मांस आणि चरबी, मिरची, लसूण, व्हिनेगर. चरबी वाईनला मदत करते, मिरची आणि व्हिनेगर तिला नडतात. नुसता परतलेला चोरीस आणि कॅबर्ने हे मला कधीच पटलं नाही. पण कांदा आणि बटाटा भरपूर घालून तो शिजवला, पावात भरला, की आंबट-तिखट विखुरतं आणि मग मालबेक किंवा टेम्प्रानियो त्याच्यासोबत छान बसते, नेहमीपेक्षा दोन अंश आणखी गार केली तर अधिकच.

सोरपोतेलमध्ये कलेजी आणि इतर आतले भाग असतात. त्याला खोल, रानटी चव असते आणि ते दोन-तीन दिवस मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. मुरलेल्या सोरपोतेलचं व्हिनेगर शांत झालेलं असतं, तेव्हाच दमदार रेड काढा. सोबतच्या सान्नांची, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांची, किंचित गोडी मिरचीचा जाळ आवरते. विंदालूसोबत मात्र मी दमदार रेड सुचवत नाही. व्हिनेगर आणि मिरची दोन्ही पूर्ण जोरात असतात आणि त्यात भर घालणाऱ्या वाईनला काही करण्यासारखं उरत नाही.

काफ्रेयाल हिरवी असते: कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आलं, लिंबू. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींतून आलेला पदार्थ. इथे ती ढोबळी मिरचीच्या वासाची कॅबर्ने, जी इतर वेळी जरा उग्र वाटते, हिरव्या वाटणाशी जुळते. तव्यावर कडा करपेपर्यंत भाजलेली काफ्रेयाल घ्या. करपलेला भाग आणि ओकचा धूर एकमेकांना धरतात. लिंबू वरून पिळू नका.

बीफ रोस्ट, जीभ रोस्ट खात असाल तर काळजीचं काही कारण नाही. मिरी, लवंग, दालचिनी, घट्ट रस: हे कॅबर्नेचं घरच आहे.

सातवी पायरी: शाकाहारी ताट

दमदार रेड शाकाहाराला चालत नाही, हे चुकीचं आहे. आळसांद्यांचं, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचं, तोणाक (दाट रस्सा) घ्या. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण शागुतीच्या जवळचंच असतं, त्यामुळे तोच नियम लागू. पावसाळ्यात फोंड्याकडच्या रस्त्यांवर वारुळावरची अळमी, म्हणजे रानातली अळंबी, पानांत बांधून विकायला बसतात. त्यांची शागुती म्हणजे मांसाहारी माणसालाही मान तुकवायला लावणारा पदार्थ. अळमीत स्वाद मोठा असतो आणि तो टॅनिनला थोडा कडवटपणा देतो, म्हणून मीठ हात न आखडता घाला आणि कॅबर्नेऐवजी मालबेक किंवा साधी शिराज घ्या. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांचं, म्हणजे बिब्ब्यांचं तोणाकही उत्तम. कच्च्या फणसाची भाजी गरम मसाल्याची असेल तर चालते. खतखत्याशी, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्शाशी, मात्र जमत नाही. त्यात गूळ आणि तिरफळ आहे आणि वाईन दोन्हींशी भांडते.

जेवणाआधी काही खायला हवं तर खारे भाजके काजू आणि कडक, मुरलेलं चीज. बाकी थाट नको.

आठवी पायरी: मासळी बाजूला ठेवा

रोजच्या शिताकडीसोबत, म्हणजे मासळीची आमटी आणि भातासोबत, दमदार रेड घेऊ नका. हा परंपरेचा हट्ट समजू नका. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की मासळीसोबत वाईन प्यायल्यावर जो उग्र मासळट वास मागे राहतो तो वाईनमधल्या लोहामुळे वाढतो. रेडमध्ये लोह बहुतेकदा जास्त असतं आणि ते किती आहे हे लेबलवर लिहिलेलं नसतं. त्यात बांगडा-तारल्यासारखी तेलकट मासळी, कोकम-चिंचेचा आंबटपणा आणि वर टॅनिन. तोंडात धातू चाटल्यासारखी चव येते. आंबट-तीक, रेशाद भरलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, सगळ्यांनाच हे लागू. त्या दिवशी पांढरी वाईन घ्या, किंवा सोलकढी प्या आणि बाटली रविवारच्या शागुतीसाठी राखा.

गोडाचं काय

बिबिंक, दोदोल, पातोळ्या यांच्यासोबत कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड कडू लागते, गुळाच्या खड्यानंतरच्या चहासारखीच. पदार्थापेक्षा वाईन गोड असली पाहिजे हा साधा नियम. इथे गोव्याची गोड पोर्ट वाईन उपयोगी पडते. घरोघरी नाताळला ती असतेच, आणि बिबिंकच्या जळक्या साखरेशी आणि नारळाशी तिचं छान जमतं. दोरू खोऱ्यातली अस्सल पोर्ट मिळाली तर आणखी चांगलं. तिच्यात अल्कोहोल साधारण २० टक्के असतं, त्यामुळे लहान ग्लासात, थोडी आणि गार द्या. ताटभर जेवण पोर्ट वाईनसोबत जेवणं मात्र टाळा. शागुतीचा मसाला साखरेखाली बुजून जातो.

उरलेली बाटली आणि न उघडलेली बाटली

७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात. दोघांच्या घरात ती एका जेवणात संपवायची गरज नाही. झाकण घट्ट लावून उभी फ्रीजमध्ये ठेवा, रेड असली तरी. तीन-चार दिवस चांगली राहते. पिण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढा. ओट्यावर रात्रभर राहिली तर आपल्या उष्ण-दमट हवेत दुसऱ्या दिवशीच आंबूस वास येऊ लागतो आणि चिलटं जमतात. चौथ्या दिवशी पिण्याजोगी वाटली नाही तर मटण किंवा अळमी शिजवताना अर्धा कप घाला आणि अल्कोहोलचा वास जाईपर्यंत उघड्यावर उकळू द्या. त्या दिवशी चिंच आणि व्हिनेगर दोन्ही वगळा, वाईनचा आंबटपणा पुरतो.

पाहुण्यांना वाईन देणार असाल तर गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. कायद्याने रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅमपर्यंतच अल्कोहोल चालतं आणि दमदार रेडचे दोन ग्लास ती मर्यादा सहज ओलांडू शकतात.

न उघडलेली बाटली फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका. ती जागा घरात सगळ्यांत गरम असते आणि सतत थरथरते. तळमजल्यावरची, उत्तरेकडच्या भिंतीशी असलेली, स्वयंपाकघरापासून लांबची कपाटाची खालची फळी निवडा. बुचाची बाटली आडवी ठेवा म्हणजे बुच सुकत नाही, फिरकीची उभी चालते. पावसाळ्यात लेबलला बुरशी येते. ती कोरड्या फडक्याने पुसली की झालं, आत काही बिघडत नाही. वाईनचा वेगळा फ्रीज नसेल तर एका वेळी दोन-तीन बाटल्यांपेक्षा जास्त घरात ठेवू नका आणि मार्चपर्यंत उरलेल्या बाटल्या उन्हाळा तापण्याआधी उघडा.